निऱ्या

लोरेन डोम्ब्रोव्स्की माझ्या गाडीचा आवाज
तिच्या स्वयंपाकघरातून ऐकते.
"दोन सेकंद," कुंपणापलीकडून म्हणाली,
गुड मॉर्निंगच्याही आधी.
"सुरू होताना दोन सेकंद खडखडते. मोजलंय मी."

सॅगिनॉमधला जानेवारी, उणे अठरा.
नदी गोठलेली, तिच्यावर मासे पकडणाऱ्यांचे तंबू,
आणि माझी एकोणीस वर्षांची ब्युइक
डब्यात खिळे हलवल्यासारखी.

फिल्टर कुठला लावतेस?
सांगितला. साडेतीन डॉलरचा, नारिंगी,
दोनांवर एक फुकट.
ती हसली नाही. गराज उघडलं.

माझा जुना आणि तिचा जुना,
दोन्ही रात्रभर पालथे घालून निथळवले,
मग शेगड्यात पकडून कटर फिरवला.
बाहेरून सख्खे भाऊ: तोच पत्रा, तेच आटे,
बुडाशी तीच रबराची कडी.

माझ्यातल्या कागदाच्या दोन्ही टोकांना पुठ्ठा.
पुठ्ठा! वहीला असतो तसा,
तेल पिऊन फुगलेला, गोंद सुटलेला,
आणि जिथे कागदाचे दोन काठ जुळायचे
तिथे करंगळीचं नख जाईल एवढी फट.
"तेल काय वेडं आहे," लोरेन म्हणाली,
"फट सोडून कागदातून जायला?"

वरून कीर्तन, आतून तमाशा,
मी मराठीत पुटपुटले.
तिला भाषांतर लागलं नाही.

निऱ्या मोजू, म्हटलं.
शब्द समजावला: कमरेशी, अंगठा आणि तर्जनी,
एकीवर एक, सारख्या रुंदीच्या.
तिने काळ्या बोटांनी तशाच मोजल्या.
माझ्या अडतीस, त्यांतल्या तीन एकमेकींना चिकटलेल्या,
लग्नाला उशीर झालेल्या बाईच्या घाईने घातलेल्या.
तिच्या एकसष्ट.
मागे तारेची जाळी, टोकांना पत्र्याच्या टोप्या,
सहा हजार मैलांनंतरही ताठ.

मग झडप. इंजिन बंद झालं की
फिल्टरमधलं तेल अडवून धरणारा रबराचा पडदा.
माझा काळा, शिळ्या भाकरीसारखा.
वाकवला तर मोडला.
तिचा सिलिकोनचा, कानाच्या पाळीइतका मऊ.
म्हणजे रात्रभर तेल थेंब थेंब खाली उतरायचं
आणि सकाळी लोखंडावर लोखंड.
दोन सेकंद, गुणिले रोज, गुणिले अकरा वर्षं.
सव्वादोन तास, जवळजवळ.
एक अख्खा सिनेमा, कोरडा.

"आणि ही?"
पेराएवढी स्प्रिंग.
कागद चोंदला की हिने वाट द्यायची,
न गाळलेलं तेल तसंच पुढे सोडायचं.
"घाण?"
"घाणच. घाण तेलावर इंजिन वर्षं काढतं.
तेलाशिवाय मिनिटं."
माझ्यात स्प्रिंगऐवजी पत्र्याची पट्टी होती,
तिरकी बसलेली.
वाट कायमची उघडी.

गराजच्या भिंतीवर टाचलेले असेच कागद,
निऱ्या सोडवलेले, वाळलेले,
प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख आणि मैल.
वरच्या रांगा तिच्या गाडीच्या.
खालची, आखूड, नवऱ्याच्या ट्रकची.
तिथल्या शेवटच्या कागदावर तिने टॉर्च धरला:
घड्यांमध्ये तांब्याची बारीक चमक.
लोहचुंबकाला न चिकटणारी.
"बेअरिंग," ती म्हणाली.
"रेला दाखवलं होतं. उन्हाळ्यात उघडू म्हणाला."

उन्हाळ्याचा कागद भिंतीवर नाही.
मी विचारलं नाही.
तिनेही टॉर्च विझवायला जरा वेळ लावला.

नवा फिल्टर तिनेच दिला, पैसे घेतले, पूर्ण.
कडीला बोटाने तेल लावायला लावलं,
अर्धा भरायला लावलं,
हाताने घट्ट, मग फक्त पाऊण फेरा,
पान्याला हात लावशील तर बघ.

दुसऱ्या सकाळी काचेवरचं बर्फ खरवडलं,
किल्ली फिरवली, आणि सवयीने
दात आवळून थांबले.

तिच्या स्वयंपाकघराचा पडदा सरकला.
लोरेनने दोन बोटं वर केली,
थोडा वेळ तशीच धरली,
आणि मिटली.